दोन तासांची बोट

हात वर जायला निघाला होता, तो मध्येच वळून केसांत गेला. झालं एवढंच. घारापुरीहून परतणारी एक लाँच आमच्या यॉटच्या बाजूने गेली. तिच्या वरच्या डेकवर शाळेची सहल होती. एका पोराने आम्हाला बघून हात हलवला, मग सगळ्यांनी हलवले, सहलीच्या बाईंनीसुद्धा, एका हाताने ओढणी सावरत. मी कठड्याला टेकून त्यांच्याच दिशेने बघत होते. हात उचललाही. आणि मग काय झालं कोण जाणे, वार्‍याने उडालेली बट कानामागे सारायची होती असा आव आणून मी तो खाली आणला. लाँच गेली. तिच्या मागच्या लाटेवर आमची यॉट दोनदा डुलली, कोणीतरी 'ओऽऽ' केलं आणि विषय संपला. गेले तीन आठवडे मी स्वतःला हेच सांगतेय, की विषय संपला.

यॉटची कल्पना माझी नव्हती. आमच्या कॉलेजच्या ग्रुपमध्ये दर जानेवारीत 'भेटूया' सुरू होतं, कर्जतचं फार्महाउस, लोणावळ्याचं फार्महाउस असं करत करत शेवटी दादरच्याच एखाद्या हॉटेलात पावभाजीवर निभावतं. यंदा सिंगापूरची मैत्रीण येणार होती. तिने लिहिलं, मुंबई दाखवा रे मला, मी टुरिस्ट आहे आता. त्यावर आमच्यातल्या हिशेबनिसाने (हा गृहस्थ कॉलेजात असल्यापासून सगळ्यांचे पैसे गोळा करतो आणि सगळ्यांच्या शिव्या खातो) गेटवेवरून दोन तासांसाठी अख्खी यॉट मिळते असं शोधून काढलं. अकरा जण, माणशी दोन हजार. मी आधी 'बघते' लिहिलं. मग हिशेब केला की मागच्या दिवाळीत दोन हजारांचा फराळ विकत आणला होता आणि तोही खवट निघाला, तेव्हा अंगठा पाठवून दिला. खोटं कशाला बोलू, मनातून हुरळले होते. 'प्रायव्हेट यॉट' हे शब्द आमच्या घरात आजवर कोणी उच्चारलेही नसतील. डोंबिवली फास्टमध्ये चौथ्या सीटवर अर्धी बसून मी पालवा बंदरावर स्वतःच्या यॉटीत बसायला चालले होते. पालवा हे आईच्या तोंडचं नाव. ती अजूनही गेटवे म्हणत नाही.

निघताना आईने पर्समध्ये लिंबू टाकलं होतं. "बोट लागता," म्हणाली. "वास घेत र्‍हव." मी म्हटलं, अगं यॉट आहे ती, दोन तास फिरवणार आणि परत आणणार, कुठे लागायची बोट. तिने मान डोलावली आणि लिंबू काढून घेतलं नाही.

धक्क्यावर आधी नावं, फोननंबर लिहून घेतले, मग नारिंगी जॅकेटं चढवली. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीला निघालेल्या लाँचचा तो भयंकर अपघात झाला, त्यानंतर जॅकेटवरून कोणी विनोद करत नाही, आमच्यातल्या विनोदी माणसानेही केला नाही. यॉट आत समुद्रात उभी होती, तिच्यापर्यंत छोट्या होडीने जायचं. पायर्‍या हिरव्या, बुळबुळीत, आणि होडी एका जागी ठरेल तर शपथ. दोन हातांवर होडी दिसते, पाय उचलावा तर ती खाली जाते, पाय मागे घ्यावा तर ती वर येऊन म्हणते, काय झालं, या की. यॉटवरचा खलाशी, वीस-बावीसचा पोरगा, होडीत एक पाय आणि पायरीवर एक पाय ठेवून उभा होता. माझं मनगट धरून म्हणाला, "काकी, खाली बघू नका. लाट वर आली की मी सांगतो, तेव्हा टाका पाय." मग म्हणाला, "आता." मी पाय टाकला. वर चढल्यावर चपला काढून एका टोपलीत ठेवायच्या होत्या. पांढर्‍या डेकवर अकरा जणांचे अनवाणी पाय, कोणाच्या टाचा भेगाळलेल्या, कोणाला नेलपॉलिश. तीस वर्षं ओळखत असूनही एकमेकांचे पाय आम्ही पहिल्यांदाच बघत होतो, आणि सगळेच जरा गप्प झाले. देवळात आल्यासारखे.

ते 'आता' मी आधी ऐकलेलं होतं. आईकडून. ती मालवणची, आणि १९७२ मध्ये लग्न होऊन मुंबईला आली ती बोटीने. मालवणला बोट किनार्‍याला लागत नसे, ती लांब उभी राहून भोंगा द्यायची आणि माणसं पडावात बसून तिच्यापर्यंत जायची. पडाव वर-खाली, बोटीची शिडी वर-खाली, दोघांची उंची क्षणभर जुळली की खलाशी ओरडायचा आणि माणूस, बोचकं, कोंबडी, जे काय असेल ते वर ओढून घ्यायचा. आईच्या अंगावर लग्नातला शालू होता, कारण बरोबरच्या बायकांनी सांगितलं होतं की सासरची माणसं धक्क्यावर घ्यायला येणार. तो शालू गुडघ्यापर्यंत खार्‍या पाण्याने भिजला आणि मुंबई येईपर्यंत वाळून पुठ्ठ्यासारखा झाला. रात्रभर डेकवर चटई टाकून माणसं आडवी, मध्ये फणस, आंब्याच्या पेट्या, कोणाची तरी म्हातारी कण्हतेय, कोणाचं तरी भजन चाललंय, आणि सगळ्यावर डिझेलचा आणि ओकारीचा मिळून एक वास. आई म्हणते, त्या वासाचीच बोट लागायची, लाटांची नाही. मराठीत बोट 'लागते'. जशी नजर लागते, दृष्ट लागते, ठेच लागते. गाडी लागते तीही त्याच चालीवर. दुसर्‍या कुठल्या भाषेत वाहनाने माणसाला असं धरल्याचं मला माहीत नाही.

पहाटे खांदेरीची बत्ती दिसली की जाणती माणसं उठून वळकट्या बांधायला लागायची. मग उजाडताना मुंबई. आई सांगते त्यात इमारती कधीच नसतात. मुंबई कशी दिसली, विचारलं तर म्हणते, धूर दिसला, नि मग भाऊचा धक्का, नि हमालांचे लाल डगले. बाबा घ्यायला आले होते ते तिला ओळखूच आले नाहीत, कारण लग्नात त्यांना तिने धड वर मान करून पाहिलं नव्हतं. पावसाळ्यात बोटी बंद असत, त्यामुळे सप्टेंबरपर्यंत माहेरचं पत्र सोडून काही यायचं नाही. पुढे महामार्गाने एसट्या वाढल्या, मग बोटीच बंद पडल्या, आणि कोकण रेल्वे आल्यावर तर बोटीने येणं हे आम्हा मुलांना गोष्टीतलं वाटायला लागलं. पण कोकणी घरात समुद्राची गोष्ट 'रामदास'पाशी जाऊन थांबतेच. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्येचा दिवस, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आमचे एक चुलत आजोबा त्या दिवशी 'रामदास'वर चढणार होते, पण चप्पल तुटली म्हणून राहिले. असे 'राहिलेले' आजोबा मी आजवर किमान सात घरांत ऐकलेत. सगळ्यांना खरं मानलं तर त्या बोटीला आणखी चार खेपा कराव्या लागल्या असत्या. पण हसू येत नाही. वाचलेल्या माणसाला आपण का वाचलो याचं कारण हवं असतं, आणि चप्पल हे काही वाईट कारण नाही.

तर आम्ही निघालो. इंजिन घुरघुरलं, स्पीकरवर गाणी लागली, 'रियुनियन'ची सोनेरी अक्षरं दोरीवर फडफडायला लागली आणि त्यातला 'यु' पहिल्या पाच मिनिटांत समुद्राला मिळाला. केक कापायचा होता, पण मेणबत्ती पेटेना. चार जणांनी आडोसा केला, पाचव्याने काडी ओढली, सहाव्याने व्हिडिओ काढला. शेवटी न पेटलेली मेणबत्ती विझवल्यासारखं करून केक कापला. तेवढ्यात दोघींनी पुढच्या टोकाला जाऊन हात पसरून फोटो काढले. उत्तरेकडे वळल्याबरोबर खलाशी धावत आला, "तिकडे फोटो नको, नेव्ही आहे." सगळ्यांनी मोबाइल एकदम खाली केले, वर्गात बाई आल्यासारखे.

मी मात्र शहराकडे बघत होते. यासाठी दोन हजार दिले होते, आणि ते वसूल झाले, हे सांगायलाच हवं. जमिनीवरून आपण गेटवेची पाठ बघत आलोय, हे मला त्या दिवशी कळलं. कबुतरं, फुगेवाले, 'अर्जंट फोटो'वाले, सगळे तिच्या पाठीमागे. तिचं तोंड समुद्राकडे, येणार्‍याकडे. ज्या राजासाठी ती बांधली तो १९११ मध्ये येऊन गेलासुद्धा, कमान पुरी झाली १९२४ ला. पाहुणे जेवून गेल्यावर तेरा वर्षांनी मांडव उभा राहावा तसं. आणि १९४८ च्या फेब्रुवारीत गोर्‍या सैन्याची शेवटची तुकडी गेली तीही त्याच कमानीखालून. ताज तर तिच्याही आधीचा, १९०३ चा. म्हणजे एकवीस वर्षं बोटीने येणार्‍याला आधी ताजचा घुमटच दिसत असणार. ताज उलटा बांधला गेला म्हणून वास्तुविशारदाने जीव दिला, ही गोष्ट आमच्या हिशेबनिसाने यॉटवरही सांगितली. मी दर वेळी ती खोडून काढते आणि दर वेळी माझा पराभव होतो. ज्यांनी आराखडा केला त्यांच्यात एक आपले सीताराम खंडेराव वैद्य होते, ते बांधकाम पुरं व्हायच्या आधी मलेरियाने गेले, आणि चेंबर्स नावाच्या इंग्रजाने पुढचं काम केलं. पण मलेरियापेक्षा आत्महत्या लोकांना जास्त आवडते, काय करणार. त्या घुमटाखालच्या खिडक्यांकडे बघताना मात्र गाणी चालू असूनही आम्ही सगळे थोडा वेळ बोललो नाही. ते लोकही समुद्रातूनच आले होते. कोणी त्याचं नाव काढलं नाही.

चारशे-पाचशे मीटर आत गेलं की शहराचा आवाज बंद होतो. हॉर्न नाही, फेरीवाला नाही, 'चलो चलो' नाही. ज्या शहरात मी पंचवीस वर्षं धक्के खात नोकरी केली ते समोर एखाद्या पोस्टकार्डासारखं गप्प उभं होतं. आणि त्यात माणसं नव्हती. होती, पण दिसत नव्हती. गेटवेपाशी रविवारची ती अफाट गर्दी, ती इथून नुसती एक गडद किनार झाली होती, साडीच्या काठासारखी. या बाजूने मुंबई बघताना सूर्य शहराच्या पाठीशी मावळतो. साडेपाचनंतर इमारतींवरचा उजेड जातो आणि त्या कापून चिकटवलेल्या काळ्या कागदासारख्या उरतात, कडांना मात्र केशरी. इतकं सुंदर, की माझ्या घशाशी आलं. आणि त्याच वेळी असंही वाटलं की, अरे, आम्हाला काढून टाकलं की ही किती छान दिसते.

मग यॉट दक्षिणेला कुलाब्याच्या बाजूने गेली, आणि वार्‍याबरोबर ससून डॉकचा वास आला. बोंबील, बर्फाचं पाणी, डिझेल. एकीने नाकाला रुमाल लावला. सिंगापूरवाली म्हणाली, "थांबा ना जरा, किती दिवसांनी." तिला तो वास हवा होता. डॉकच्या बाहेर मच्छीमारांच्या होड्या नांगरलेल्या, त्यांच्या काठ्यांवर रंगीत बावटे. एका होडीवर माणूस उकिडवा बसून जाळं विणत होता. त्याने आमच्याकडे पाहिलंही नाही. १८७५ पासून हा डॉक आहे, त्याच्या कितीतरी आधीपासून कोळी आहेत, त्याच्या समोरून रोज अशा दहा यॉटी जात असतील. त्याचं ते न बघणं मला बरं वाटलं. निदान हिशेब स्पष्ट होता.

तिथून थोडं पुढे जाऊन इंजिन बंद केलं. सनसेट पॉइंट, खलाशी म्हणाला. समुद्रात पॉइंट कुठला, पण पॅकेजमध्ये तसं लिहिलं होतं. आणि इंजिन बंद होताच यॉट डुलायला लागली. चालत असताना बोट नीट असते, थांबली की तिला पाणी हवं तसं खेळवतं. दहा मिनिटांत आमच्यातले तिघे गप्प, चौथा बाकावर आडवा. केकचं क्रीम डोळ्यांसमोर नको झालं. मी हळूच पर्समधून लिंबू काढलं, नखाने साल खरवडली आणि ओंजळीत धरून हुंगलं. लपवत होते, पण वास कुठे लपतो. आधी हिशेबनीस म्हणाला, "जरा इकडे दे." मग त्याच्या शेजारची. मग ते लिंबू अकरा जणांत फिरलं, तीर्थाच्या पळीसारखं, प्रत्येकाने डोळे मिटून हुंगलं आणि पुढे दिलं. स्पीकर कोणीतरी बंद केला. मला वाटतं, त्या दोन तासांतली खरी रियुनियन ती दहा मिनिटं होती.

आणि तेव्हाच ती लाँच आली.

सातवीत असताना आम्हीही घारापुरीला गेलो होतो, शाळेच्या सहलीला, अशाच लाँचने, अशाच वरच्या डेकवर. लेण्यांतलं मला फक्त माकडाने पळवलेला डबा आठवतो. पण समुद्रात मी दिसेल त्याला हात हलवला होता. होडीला, बोयाला, नांगरून पडलेल्या प्रचंड मालवाहू जहाजांना. पांढर्‍या शिडाची एक छोटी यॉट गेली होती, तिच्यातल्या माणसांना तर दोन्ही हात. त्यांनी बघितलं नाही. बघितलं असेल तर मला कळलं नाही. पण एका गंजक्या जहाजावर, खूप उंचावर, एक माणूस दोरीवर कपडे वाळत घालत होता. कुठल्या देशाचा होता देव जाणे. त्याने हातातला ओला शर्टच आमच्या दिशेने हलवला, चांगला डोक्यावर गरगर फिरवून. आमची अख्खी लाँच किंचाळली. तो शर्ट मी पुढे कित्येक वर्षं सांगत होते.

म्हणजे मला माहीत होतं, हात हलवणार्‍याला काय हवं असतं ते. तरीही.

मी याची बरीच कारणं शोधून बघितली. पोटात ढवळत होतं, हे एक. खरं आहे, पण पुरेसं नाही. दुसरं असं, की खालून केलेला हात आणि वरून केलेला हात यांत फरक असतो. खालून करतो ती हाक असते. वरून केला की गच्चीतून जमावाला दर्शन दिल्यासारखं होतं, आणि ती मी कोण लागून गेले? माणशी दोन हजारवाली. हेही पटत होतं, पण मग आठवलं की लाँचचा वरचा डेक आमच्या यॉटपेक्षा चांगला पुरुषभर उंच होता. पोरं वरून बघत होती, मी खाली होते. समुद्राच्या हिशेबाने मी कुठेही वर नव्हते. तो वरचा मजला मी धक्क्यावरूनच बरोबर घेऊन आले होते, चपलांबरोबर टोपलीत काढून ठेवायचा राहून गेला. आणि तिसरं कारण, जे मला सगळ्यात कमी आवडतं, ते हे की क्षणभर मला ते फार आवडलं. ती पोरं बघतायत, आपण यॉटवर आहोत, वारा आहे, मागे काळं-केशरी शहर आहे. त्या चित्रात बट सारणारी बाई शोभत होती. हात हलवणारी शोभली नसती.

हात कोणीच केला नाही, असं मात्र नाही. आमच्या खलाशी पोराने केला. तो डेक पुसत होता, त्याने फडकं उंच धरून दोनदा फिरवलं. माझ्या अंगावर काटाच आला, तो शर्ट आठवून. लाँच गेल्यावर मी त्याला म्हटलं, छान केलंस, पोरं खूश झाली असतील. तो गोंधळला. "पोरं? नाय काकी, त्या लाँचवर तांडेल आमचा मामा आहे. घरी डबा ठेवायला सांगितला."

परत येताना दिवे लागले होते. धक्क्यावर पुढचा ग्रुप तयार उभा होता, त्यांचा वाढदिवस होता, रुपेरी फुगे होते. आम्ही उतरत असतानाच खलाशी आमची उरलेली सोनेरी अक्षरं काढून पिशवीत कोंबत होता. टोपलीतून चपला काढताना माझा पाय कोणाच्या तरी बुटात गेला. पुन्हा तेच मनगट, पुन्हा "आता". ग्रुपवर फोटो आले रात्री. एकात मी आहे, केसांत हात घातलेली, मागे ती लाँच अस्पष्ट. खाली एकीने लिहिलंय, 'क्या बात, मॉडेल!' आणि पाच जणांनी हसरे चेहरे टाकलेत. फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला. मागची पोरं नुसते ठिपके झाली, हात कुठला आणि कठडा कुठला कळेना.

घरी पोचले तेव्हा आई जागी होती. मी तिला सगळं सांगितलं. गेटवेचं तोंड, ताज, केक, लाँचमधली पोरं, माझा हात. वाटलं, ही काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "आमच्या बोटीर कोण हात हलवी नसा. एका हातात ट्रंक, दुसरो खलाशाच्या हातात. तिसरो खंयसून हाडतलंय?" मग थोडा वेळ गेला. तिने पाणी प्यायलं.

"बोट लागली नाय मां?"

नाही, म्हटलं.

"मगे लिंबू खंय आसा? उद्याच्या पोह्यांका ठेवलेलंय ता."